अनिलच्या गॉगलमधून कोंडाजी

सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी उज्वला उतेकर तुडीलमधल्या महाडीकांच्या घरात एका लाकडी स्टुलावर उभ्या होत्या. डाव्या हातात मोबाईल होता. उजव्या हातात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर देतात तसला, बाजूनेही झाकलेला काळा चष्मा होता. तो त्यांनी डोळ्यांना लावला नव्हता. त्याची एक काच मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरली होती. समोरच्या भिंतीवर कोंडाजी महाडीक यांचा फोटो होता. निदान तो तिथे आहे असं घरातले सांगत होते. मोबाईलच्या पडद्यावर दिसत होती ती फ्रेमची काच, त्या काचेत उमटलेली छपरातली दोन काचेची कौलं आणि अंगणाचं उघडं दार.

"आलं का गो काय?" खाली पाटावर बसलेल्या तुळजाबाईंनी विचारलं. कोंडाजी त्यांचे पती. चष्माही त्यांचाच.

"नाय काकी. कौलं आली."

"कौलं ह्यांनीच बसवली हौसेनं. घरात उजेड पायजे, उजेड पायजे. आता घेऊन बसलेत तोंडावर."

उज्वला हसल्या आणि स्टुलावरून उतरल्या. काळ्या चष्म्याने चमक आणि चेहरा दोन्ही सारखेच काळवंडले होते. तसं होणार हे त्यांना माहीत होतं. पण हव्या त्या चष्म्याला यायला अजून अवकाश होता आणि रिकामं बसणं त्यांच्या स्वभावात नाही.

उज्वला उतेकर यांचं महाडच्या बाजारपेठेत फोटो फ्रेमचं दुकान आहे. वय चव्वेचाळीस. राहायला पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावी; रोज एसटीने ये-जा. पती सुहास मुंबईला एका गोदामात कामाला आहेत. दुकान सासऱ्यांचं, कुशाबा उतेकरांचं. ते हाडाचे सुतार. सुनेला त्यांनी आधी पट्टी कोनात कापायला शिकवलं, मग काच. काच कापताना हिरा एकदाच फिरवायचा, दुसऱ्यांदा फिरवला की काच आपल्या मनाने फुटते, हे त्यांनी सांगितलं आणि पहिल्या महिन्यात फुटलेल्या काचांबद्दल एक शब्द काढला नाही. "मी शिकले त्याच्यात त्यांच्या बोलण्याचा वाटा कमी, न बोलण्याचा जास्त," असं उज्वला सांगतात.

कुशाबांचा एक नियम होता. फोटो आणि काच यांच्यामध्ये काडेपेटीतल्या काडीइतकी जागा सोडायची. त्यासाठी चारी बाजूंनी पातळ पट्टी बसवायची. गिऱ्हाइकांना ती पट्टी म्हणजे कामाचा उगाच वाढवलेला व्याप वाटे. दुसरीकडे फोटो थेट काचेला दाबून मागून हार्डबोर्ड ठोकून मिळत असे. दिसायला दोन्ही सारखंच.

दोन हजार एकवीसच्या जुलैत सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकान पाण्याखाली गेलं. कुशाबा त्याआधीच गेले होते. चिखल काढून दुकान उघडलं त्या दिवसापासून लोक भिजलेल्या फ्रेमा घेऊन यायला लागले. त्या महिन्यांत उज्वला यांना कळलं की काडीइतक्या जागेने काय साधतं. कुशाबांच्या हातच्या फ्रेममधले फोटो भिजले, डागाळले, पण सुटे निघाले. थेट दाबलेले फोटो वाळताना काचेला चिकटले. असा फोटो ओढला की वरचा थर काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो.

तुळजाबाईंच्या घरात हे एकदा घडून गेलं आहे. पाणी त्यांच्या या भिंतीवर फ्रेमच्या खालच्या पट्टीला लागून उतरलं. शेजारीच, थोडा खाली, कोंडाजींच्या वडिलांचा, सोनबांचा फोटो होता. पूर ओसरल्यावर घर आवरायला मुंबईहून आलेल्या सुनेने, रेश्माने, तो वाळवावा म्हणून फ्रेम उघडली आणि फोटो सोडवून घेतला. सोनबांचा फेटा कागदावर आला. चेहरा काचेवर राहिला आणि काच पुसताना गेला. रेश्मा पुढे दोन दिवस जेवली नव्हती. तुळजाबाईंनी तिला एवढंच सांगितलं होतं, "पोरी, तू वाळवायलाच गेलीस ना. पुरानं सगळं नेलं, त्यातला एक म्हातारा." पण त्या दिवसापासून कोंडाजींच्या फ्रेमला हात लावायचा नाही, हा घरातला कायदा झाला.

तो कायदा रास्त होता, हे उज्वला यांनी आल्या आल्या पाहिलं. फ्रेमच्या लाकडाला वाळवीने आतून पोखरलं होतं. वर रंग तेवढा उरला होता. मागचा हार्डबोर्ड ओलीने फुगून सुटत आला होता. काचेच्या एका कोपऱ्यात तडा. खालच्या बाजूला फोटो काचेला चिकटलेला भाग ओल्या ठिपक्यासारखा गडद दिसत होता. फ्रेम खिळ्यावरून उचलली की मागचं सगळं खाली येणार आणि येताना फोटोला ओढणार. कोंडाजींचा दुसरा फोटो नाही. जुन्या ओळखपत्रावरचा होता, तो पुरातच गेला.

एरवी ही फ्रेम भिंतीवर आणखी काही वर्षं तशीच राहिली असती. पण तुळजाबाईंची नात अपेक्षा हिची पोलादपूरला हळद आहे. अपेक्षा मुलीची मुलगी. लहानपणची सात-आठ वर्षं ती आजोळी, तुडीलला वाढली. आजोबांना हळद लावल्याशिवाय मी पाटावर बसायची नाही, असं तिने आईला सांगून टाकलं. आजोबा पोलादपूरला जायचे तर फोटोचा फोटो काढणं भाग होतं. तुळजाबाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं.

अगदी शेवटच्या घटकेला हे काम उज्वला यांच्याकडे का आलं, त्यालाही कारण आहे. तुळजाबाईंचा मुलगा राजेश याने महिन्यापूर्वी गावी आला तेव्हा आपल्या मोबाईलवर फोटो काढून नेला होता. मोबाईलच्या पडद्यावर तो बरा वाटला. मुंबईत त्याने मोठा करून घेतला, चांगली सोनेरी फ्रेम केली आणि गावच्या माणसाबरोबर पाठवून दिली. वेष्टण काढल्यावर घरातल्यांनी पाहिलं, तर कोंडाजींच्या चेहऱ्याच्या जागी राजेश उभा. काचेत त्याचं प्रतिबिंब पडलं होतं. दोन्ही हात वर, मोबाईल नाकासमोर, मागे अंगण.

"पोरगा बापावर गेलाय म्हणायचे लोक," तुळजाबाई म्हणाल्या. "पर येवढा?"

राजेशला फोन गेला. त्याने तोच फोटो कुठल्याशा ॲपमध्ये घालून दुरुस्त केला आणि पाठवला. त्यात राजेश नव्हता, पण कोंडाजीही नव्हते. गोरा रंग, काळीभोर मिशी, एकसारखे दात. तुळजाबाईंनी मोबाईल लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि विचारलं, "ह्यो कोन पाव्हना?" कोंडाजींना पुढचे दोन दात नव्हते. नात कोणाला हळद लावणार, हा प्रश्न मग खराच उभा राहिला. शेजारच्या कोणीतरी महाडच्या फ्रेमवाल्या बाईंचं नाव सांगितलं.

*

उज्वला ज्या चष्म्याची वाट पाहत होत्या तो त्यांचा नाही. तो अनिल सकपाळ यांचा आहे. अनिल एसटीचे चालक. महामार्गाचं काँक्रीट झाल्यापासून उन्हात रस्ता पांढरा भक्क दिसतो, डोळे दुखतात, म्हणून मेहुण्याने मस्कतहून त्यांना एक गॉगल आणून दिला. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी, ड्युटी लागायला वेळ होता म्हणून ते पाणी प्यायला उज्वला यांच्या दुकानात आले. टेबलावर एका आजीबाईंची नुकतीच तयार झालेली फ्रेम आडवी पडली होती. अनिल बाकावर बसून तिरके तिच्याकडे बघत होते.

"वैनी, ह्या आजीला काच नाय बसवली? धूळ बसंल ना."

"बसवलीय की."

"कुठं हाय?"

"बोटानं वाजवून बघा."

अनिलनी टिचकी मारली. काच वाजली. त्यांनी गॉगल काढला, तर काचेत सबंध ट्यूबलाईट लखलखत होती. पुन्हा लावला, ट्यूबलाईट गेली. काढला, आली. "आयला, वैनी, तुमी बघा." मग उज्वला यांनी गॉगल लावला. पुढचा बराच वेळ दोघं आळीपाळीने गॉगल लावून मान तिरकी करत त्या आजीबाईंकडे बघत राहिले. मध्ये एक गिऱ्हाईक येऊन, दारातूनच परत गेलं.

पुरानंतर वर्षभर उज्वला काचेला चिकटलेले फोटो काचेतूनच मोबाईलवर उतरवत होत्या. त्यासाठी काळी छत्री आडवी धरायच्या. छत्रीने चमक जायची आणि तिच्याबरोबर उजेडही जायचा. त्या दुपारी त्यांनी गॉगलची काच मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून पाहिली. आजीबाईंचा चेहरा काच नसल्यासारखा आला.

यातलं शास्त्र त्यांनी नंतर एका ओळखीच्या शिक्षकांकडून समजून घेतलं. काचेवरून तिरका उडालेला प्रकाश बहुतांशी एकाच दिशेत कंप पावत येतो. या जातीच्या गॉगलची काच नेमका एका दिशेचा प्रकाश अडवते. फोटोतून येणारा प्रकाश सगळ्या दिशांचा असतो, त्यातला पुरेसा आत येतो. काच नुसती काळी असून भागत नाही. पोलादपूरच्या बाजारातून उज्वला यांनी दोन काळे गॉगल आणले होते. दोन्ही दिसायला अनिलच्या गॉगलसारखे, दोन्ही निरुपयोगी. तेव्हापासून त्या परीक्षा घेऊन मगच हो म्हणतात. मोबाईलच्या उजळलेल्या पडद्यासमोर गॉगल धरायचा आणि सावकाश फिरवायचा. एका जागी पडदा काळा पडला तर गॉगल कामाचा. बहुतेक मोबाईलवर ही परीक्षा चालते.

दुसरा चष्मा त्यांचा स्वतःचा, वाचायचा. चाळिशी लागल्यावर घेतलेला. तो लहान फोटोंसाठी. मोबाईल फार जवळ नेला की चित्र धूसर होतं. वाचायच्या चष्म्याची काच मध्ये धरली की जवळचंही स्वच्छ दिसतं. पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतल्या आवडी शेलार यांच्या आईचा एकही स्वतंत्र फोटो नव्हता. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या हळदीकुंकवाचा एक जुना समूहफोटो होता आणि त्यात तिसऱ्या रांगेत मसुराच्या दाण्याएवढी आई. तो दाणा उज्वला यांनी वाचायच्या चष्म्यातून मोठा केला. फार मोठा होत नाही; तळहाताएवढा होतो. आवडीबाईंना तो पुरला.

स्वतःसाठी तसा गॉगल मागवता येतो, हे उज्वला यांना ठाऊक आहे. "मागवीन की," त्या म्हणतात. "पण अनिलभाऊंचा दुपारी रिकामाच असतो. आणि त्यांनीच दाखवलं. दुसरा आणला तर त्यांना काय वाटेल?" तेव्हा व्यवस्था अशी आहे : अनिल सकाळच्या फेऱ्या आटोपून महाडला आले की गॉगल दुकानात ठेवून जेवायला जातात, दुपारी दोनच्या ड्युटीला निघताना घेऊन जातात. चिकटलेल्या फोटोंची कामं उज्वला त्या वेळात करतात. बाहेरगावचं काम असेल तर अनिल गॉगल त्या बाजूच्या गाडीच्या वाहकाकडे देतात. वाहक तो पोचवतो आणि गाडी शेवटच्या थांब्यावरून फिरून परत येते तेव्हा घेऊन जातो. तेवढा एक तास मिळतो.

*

साडेअकराच्या सुमारास रस्त्यावर हॉर्न वाजला. उज्वला अंगण ओलांडून धावत गेल्या. वाहक महिपत गॉगल घालूनच दारात उभे होते.

"डोळ्याला लावलात व्हय?"

"खिशात फुटला असता. डोळ्यावर सेफ असतो," महिपत म्हणाले आणि गॉगल काढून दिला. "अनिलनं सांगितलंय, दोनच्या आत पायजे. नाय मिळाला तर हायवेला डोळे मिटून गाडी चालवीन म्हणतो."

"येताना हॉर्न द्या."

"देतो. म्हातारबुवांना म्हणावं नीट बसा."

घरात येऊन उज्वला यांनी आधी गॉगल साडीच्या पदराने नव्हे, पिशवीतल्या स्वच्छ मऊ फडक्याने पुसला. मग स्टूल भिंतीपासून सरकवून उजव्या अंगाला नेलं. समोर उभं राहून उपयोग नाही. सरळ परतणाऱ्या चमकेवर गॉगल चालत नाही. बाजूला उभं राहून तिरकं बघावं लागतं. फोटो तिरका येतो, तो मागाहून सरळ करता येतो.

अंगणाचं दार तुळजाबाईंनी लोटून घेतलं. छप्पर लोटता येत नव्हतं. कौलांचे दोन पांढरे चौकोन काचेवर होतेच. एक कोंडाजींच्या कपाळावर, एक तोंडावर. उज्वला यांनी गॉगलची काच कॅमेऱ्याला टेकवली आणि घड्याळाच्या काट्यासारखी हळूहळू फिरवायला सुरुवात केली. गॉगल आडवा होता तोवर काही झालं नाही. तो उभ्याच्या थोडा अलीकडे आला तेव्हा कपाळावरचा चौकोन मंद झाला. आणखी थोडा फिरवला तर तो पुन्हा उजळला. त्या मागे आल्या. पाय थोडा सरकवला. स्टूल डुगडुगलं.

"पडशील गो बाय. आमच्या घरात आधीच एक भिंतीवर हाय."

"काकी, हसवू नका, हात हलतो."

तुळजाबाईंनी उठून स्टुलाचा पाय दोन्ही हातांनी धरला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला महिनाही झाला नव्हता. वाकायला मनाई होती. उज्वला यांनी ते सांगितलं. तुळजाबाई म्हणाल्या, वाकले कुठे, बसलेय.

दुसरा चौकोन विझायला तयार नव्हता. एका कोनात कपाळ यायचं, दुसऱ्या कोनात तोंड. दोन कौलांची चमक दोन वेगळ्या बाजूंनी येत होती. आठ-दहा फोटो झाले. प्रत्येकात चेहऱ्याचा कुठला ना कुठला भाग पांढरा. पाऊण तास उरला होता. उज्वला यांनी स्टुलावरूनच वर पाहिलं. मग म्हणाल्या, "काकी, छत्री आहे का? काळी?"

छत्री आली. ती उघडून, कोपऱ्यातल्या लांब काठीला बांधून, हाक ऐकून आलेल्या शेजारणीने एका कौलाखाली उंच धरली. आता अर्धा उजेड गेला, पण अर्धा राहिला. उरलेल्या एका कौलाच्या चमकेपुरता गॉगल फिरवणं बाकी होतं. उज्वला यांनी तो फिरवला. पांढरा चौकोन करडा झाला, मग धुरकट, मग नाहीसा.

पडद्यावर एक माणूस होता. पिकलेल्या मिश्या, उजव्या भुवईत केस नसलेली एक रेघ, वरचं बटण लावलेला सदरा. तोंड किंचित उघडं; दोन दात नसल्याचं दिसत होतं. डाव्या कानाखाली बुरशीचा तपकिरी डाग, खाली चिकटलेल्या भागाचा गडद ठिपका. उज्वला यांनी लागोपाठ फोटो घेतले. मग पर्समधून वाचायचा चष्मा काढला, तो गॉगलच्या पुढे धरला आणि एका हातात दोन चष्मे, दुसऱ्या हातात मोबाईल अशा अवस्थेत चेहऱ्याचे जवळून वेगळे फोटो काढले. मोठं करताना डोळे स्वच्छ यावेत म्हणून.

त्या उतरल्या आणि मोबाईल तुळजाबाईंच्या हातात दिला. तुळजाबाईंनी तो दारापाशी नेला, काळा चष्मा लावला, नीट दिसेना म्हणून काढला. शेजारीण छत्री तशीच धरून उभी होती.

"भुवईतली ही रेघ," शेवटी त्या म्हणाल्या, "बैलाचं शिंग लागलं होतं. लग्नाच्या आधीचं. भिंतीवर कधी दिसली नाय." मग मान हलवली. "ह्येच हायत."

राजेशला फोटो पाठवून व्हिडिओ कॉल लावला. त्याने फोटो पाहिला, मोठा करून पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "आई, तो कानाखालचा डाग दिसतोय. मी इथे दोन मिनिटांत काढून टाकतो."

"तू हात लावू नको, रे बाबा. तुझा हात लागला का नवीनच मानूस येतो."

"अगं, फक्त डाग."

"पुराचा डाग हाय तो. आपण सगळेच त्या पान्यात होतो. ऱ्हाऊ दे."

उज्वला यांनी त्यावर मत दिलं नाही. डाग घालवता येतो का, असं तुळजाबाईंनी विचारलं असतं तर येतो म्हणाल्या असत्या. जायच्या आधी त्यांनी एक काम केलं. पिशवीत खिळे आणि हातोडी असतेच. भिंतीवरच्या फ्रेमला हात न लावता तिच्या खालच्या पट्टीला टेकतील असे दोन खिळे भिंतीत ठोकले, म्हणजे वरचा खिळा सुटला तरी ती खाली येणार नाही. जुनी फ्रेम आहे तिथेच राहील. लग्न झाल्यावर निवांत बघू, एवढंच ठरलं.

तुळजाबाई आत गेल्या आणि कडव्या वालाच्या दोन पुरचुंड्या घेऊन आल्या. "ही तुझी. ही त्या चष्मेवाल्याची. त्याला सांग, आजीनं दिलेत. तो नसता तर माझी नात परक्या मानसाला हळद लावत बसली असती."

रस्त्यावर हॉर्न वाजला. महिपतनी दार उघडताच हात पुढे केला. उज्वला यांनी त्यावर गॉगल ठेवला आणि मागोमाग मोबाईलही दाखवला. महिपतनी फोटो पाहिला. "बोलायला लागतील असे आलेत," ते म्हणाले. तुळजाबाई पाठोपाठ अंगणाच्या कडेपर्यंत आल्या होत्या.

"आजी, उद्या पोलादपूरला ना? तुमचं तिकीट नाय, पंचाहत्तरच्या वर फुकट. आजोबांचं मात्र काढावं लागंल."

"त्ये माझ्याहून सहा वर्सांनी मोठे. त्यांचं कसं रे तिकीट?"

"मग तेबी फुकट," महिपत म्हणाले आणि उज्वला गाडीत चढताच त्यांनी घंटी मारली.

*

महाडला पोचल्यावर उज्वला आधी स्थानकात गेल्या. अनिल गाडीपाशी उभे होते. गॉगल आणि वालाची पुरचुंडी दोन्ही त्यांच्या हातात पडलं. आजींचा निरोप त्यांनी ऐकला आणि ते थोडे ओशाळले.

"मी काय केलं वैनी? मी तर काच नाय का बसवली, येवढंच विचारलं."

"तेवढंच कोणी विचारलं नव्हतं," उज्वला म्हणाल्या.

अनिलनी गॉगल डोळ्यांवर चढवला. पुरचुंडी त्यांनी चालकाच्या आसनामागच्या डब्याच्या पिशवीत ठेवली. दोनची गाडी दोन वाजता सुटली.

दुपारभर दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. फोटो सरळ केला, छापून आणला. डाग जिथे होता तिथे राहिला. उज्वला यांनी सागवानी पट्टी कोनात कापली, काच कापली. हिरा एकदाच फिरवला. फोटो आणि काच यांच्यामध्ये चारी बाजूंनी काडीइतकी पातळ पट्टी बसवली. राजेशने पाठवलेली सोनेरी फ्रेम मोठी होती आणि तिच्यात ती पट्टी बसत नव्हती, म्हणून ती वापरली नाही. तयार फ्रेम त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून टेबलावर आडवी ठेवली आणि संध्याकाळच्या कापडे गाडीने घरी गेल्या.

उद्या त्या नेहमीच्या गाडीने महाडला येतील आणि सव्वाआठला दुकान उघडतील. तुळजाबाई तुडीलहून पहिल्या गाडीने येऊन फ्रेम घेतील. महाड–पोलादपूर गाडी नऊ वाजून दहा मिनिटांनी सुटते. उद्या तिच्यावर चालक अनिल सकपाळ आहेत.